‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ असे सांगण्यापूर्वी

प्रश्न : माझे वय ५८ आहे. पित्ताशयातील खड्यांसाठी पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली आहे आणि त्याआधी खालच्या जबड्यातील अक्कलदाढ काढून घ्यावी, असे दंतवैद्यांनी सुचवले आहे. सहा वर्षांपूर्वी याच दाढेला पू होऊन गाल सुजला होता. तेव्हा बधिर करण्याची चार इंजेक्शने देऊनही दुखत राहिले आणि चौथ्या इंजेक्शननंतर छाती इतकी धडधडू लागली, हात असे थरथरू लागले, की दाढ तशीच ठेवून घरी परतावे लागले. ‘तुम्हाला या औषधाची ॲलर्जी आहे, यापुढे सर्वांना सांगत जा,’ असे मला तेव्हा सांगण्यात आले. पुढे एकदा बोट कापले, त्या वेळी टाके घालण्यापूर्वी दिलेले इंजेक्शन मात्र सोसले. आता दोन्हीकडे भूल घ्यायची, या विचाराने झोप उडाली आहे. तशी झोपेची एक गोळी मी रोज घेतेच, पण ते डॉक्टरांना सांगितलेले नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मी घोरते आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, असे आमचे हे म्हणतात, पण त्याचा येथे काही संबंध नसावा. पूर्ण भूल दिली तर मी शुद्धीवर येईन ना? की शस्त्रक्रिया चालू असतानाच जाग येईल? त्यापेक्षा पाठीत इंजेक्शन देऊन काम भागेल का? जाऊबाई म्हणतात, त्याने कंबर कायमची धरते.

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पत्रावरून निदान करता येत नाही आणि ते मी करणारही नाही, परंतु भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना ‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलेले आहे. त्यामागची हकिगत नीट विचारली की बहुतेक वेळा ॲलर्जीखेरीज दुसरेच काहीतरी हाती लागते. तुमच्या पत्रात ती हकिगत तुम्ही स्वतःच इतक्या तपशिलाने दिली आहे की माझे अर्धे काम झाले आहे.

दात काढताना सर्वसाधारणपणे वापरले जाणारे औषध म्हणजे लिग्नोकेन, ज्याला लिडोकेन असेही म्हणतात. एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते १९४३ मध्ये तयार केले आणि ते आजही वापरात आहे. हे औषध मज्जातंतूत सोडियमचे कण शिरण्याची वाट अडवते. ते कण आत गेले नाहीत, तर वेदनेचा संदेश मेंदूकडे सरकतच नाही. हे झाले नुसत्या लिग्नोकेनचे. दंतवैद्यांकडच्या त्या छोट्या नळीत बहुधा आणखी एक पदार्थ मिसळलेला असतो, तो म्हणजे ॲड्रेनलीन. त्याचे प्रमाण अगदी अल्प, म्हणजे ऐंशी हजारात किंवा एक लाखात एक भाग एवढेच असते. त्याने आसपासच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बधिर करणारे औषध जागेवर जास्त वेळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो. पण घाबरल्यावर आपल्या शरीरात जे उसळते, तेही हेच ॲड्रेनलीन. त्याचा थोडा अधिक अंश रक्तात गेला किंवा सुईचे टोक नेमके एखाद्या रक्तवाहिनीत असताना औषध सोडले गेले, तर छाती धडधडते, हात कापतात, दरदरून घाम येतो आणि आता आपले काही खरे नाही असे वाटू लागते. काही मिनिटांत हे सारे आपोआप ओसरते, कारण रक्तातले ॲड्रेनलीन फार लवकर नष्ट होते.

आता सहा वर्षांपूर्वीचा प्रसंग याच्याशेजारी ठेवून पाहा. दाढेला पू झालेला होता. पू झालेल्या जागी ऊतींमधील आम्लता वाढते आणि अशा आम्ल वातावरणात लिग्नोकेनचा फारच थोडा भाग मज्जातंतूच्या आवरणातून आत शिरण्याजोग्या रूपात उरतो. म्हणून पहिले इंजेक्शन लागू पडले नाही, मग दुसरे दिले, तिसरे दिले, चौथे दिले. प्रत्येक वेळी ॲड्रेनलीनची भर पडत गेली, आणि दुखते आहे, आणखी दुखणार आहे, या धास्तीने तुमच्या शरीराने स्वतःचेही त्यात घातले. अंगावर पित्त उठले, खाज सुटली, ओठ किंवा पापण्या सुजल्या, घशात आवळल्यासारखे झाले, श्वासाला सूं-सूं आवाज येऊ लागला, यांपैकी कशाचाही उल्लेख तुमच्या पत्रात नाही, आणि खऱ्या ॲलर्जीच्या खुणा तर त्याच आहेत. शिवाय बोटाला टाके घालताना दिलेले इंजेक्शन तुम्हाला सोसले, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने पत्रातील तेच सर्वांत मोलाचे वाक्य आहे. टाके घालण्यासाठीही बहुधा लिग्नोकेनच वापरतात. तेव्हाचा कागद कोठे जपून ठेवला असेल तर शोधून काढा. त्यावर लिग्नोकेन असे लिहिलेले सापडले, तर तुमच्यावर बसलेल्या ॲलर्जीच्या शिक्क्याचा बराचसा भाग तेथेच पुसला जाईल.

लिग्नोकेनची खरी ॲलर्जी असते, पण ती अतिशय दुर्मीळ आहे. क्वचित त्यात घातलेल्या टिकाऊ करणाऱ्या घटकांची प्रतिक्रिया येते. म्हणून माझे म्हणणे आहे म्हणून ‘ॲलर्जी नाही’ असे छातीठोकपणे सांगू नका. दंतवैद्यांना आणि भूलतज्ज्ञांना घटना जशी घडली तशी सांगा, निष्कर्ष त्यांना काढू द्या. त्यांना शंका उरलीच, तर ॲलर्जीतज्ज्ञांकडे त्वचेवर चाचणी करून आणि मग वाढत्या मात्रेने थोडे थोडे औषध देऊन खातरजमा करता येते. हे शिक्क्याचे प्रकरण निकाली काढण्याचा मी आग्रह धरते, कारण तो शिक्का निरुपद्रवी नसतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत पोटावर जी तीन-चार छोटी छिद्रे पाडतात, तेथे याच गटातील औषध टोचले तर जागे झाल्यावर दुखणे कमी असते. खोटी ॲलर्जी नोंदलेली असेल, तर हा लाभ तुम्हाला अकारण नाकारला जाईल आणि त्याऐवजी गुंगी आणणारी तीव्र वेदनाशामके अधिक द्यावी लागतील. ती औषधे तुमच्या बाबतीत मला का नको आहेत, ते पुढे सांगते.

औषध योग्य असताना ते देण्याच्या वेळेमुळे किंवा पद्धतीमुळे त्याच्यावर ठपका यावा, ही गोष्ट भुलीच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि पुढच्याच महिन्यात बोस्टन येथे डॉक्टरांसमोर त्याचे प्रात्यक्षिक केले. वायूची पिशवी लवकर बाजूला झाली, रुग्ण ओरडला आणि जमलेल्या मंडळींनी वेल्सची टर उडवली. तोच वायू आजही दंतचिकित्सेत वापरला जातो. वेल्सचाच एकेकाळचा भागीदार विल्यम मॉर्टन, तोही दंतवैद्यच, याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात ईथरने यशस्वी भूल देऊन दाखवली आणि इतिहासात नाव मॉर्टनचे लागले. दातांच्या डॉक्टरांनी सुरू केलेल्या या विद्येची सर्वाधिक भीती आजही दातांच्या खुर्चीतच वाटावी, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

दाढेसाठी तुम्हाला करायचे ते थोडके आहे. सूज आणि पू नसताना, म्हणजे आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणून मगच दाढ काढणे बरे. खालच्या जबड्याचे हाड जाड असल्याने दाढेच्या कडेला टोचलेले औषध पुरेसे आत झिरपत नाही, म्हणून जबड्याच्या मागच्या बाजूला, जेथे मज्जातंतू हाडात शिरतो, तेथे इंजेक्शन देतात. ते लागू व्हायला काही मिनिटे लागतात. त्या बाजूचा अर्धा ओठ जड, सुजल्यासारखा वाटू लागला की औषध पोहोचले असे समजावे, आणि तसे वाटत नसेल तर हात वर करून निःसंकोच थांबवावे. दाब आणि ओढल्याची जाणीव राहतेच. ती जाणीव म्हणजे भूल फसली असे नव्हे, टोचल्यासारखी कळ आली तर मात्र सांगावे. तुमचा रक्तदाब आणि मागचा अनुभव पाहता दंतवैद्य ॲड्रेनलीन नसलेले औषध निवडतील किंवा ॲड्रेनलीन असलेलेच कमी मात्रेत, सुई रक्तवाहिनीत नाही ना हे दट्ट्या किंचित मागे ओढून पाहून, सावकाश देतील. केवळ जागा बधिर करून दाढ काढायची असेल तर उपाशीपोटी जाऊ नका. रिकाम्या पोटी आणि भीतीने भोवळ येण्याचा संभव वाढतो, आणि ती भोवळही पुष्कळदा ‘ॲलर्जी’ म्हणून खपते. ओठ तीन ते पाच तास बधिर राहतो, तेवढ्या वेळात गरम काही घेऊ नका व त्या बाजूने चावू नका.

पित्ताशयाकडे वळताना प्रथम तुमचा तो ‘संबंध नसावा’ हा तर्क खोडून काढते. घोरता घोरता श्वास थांबणे याचा संबंध आहे, आणि ॲलर्जीपेक्षा कितीतरी जास्त आहे. झोपेत ज्यांच्या घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग अधूनमधून बंद होतो, त्यांच्यात भुलीची आणि वेदनाशामक गुंगीची औषधे तोच सैलपणा वाढवतात. श्वासमार्गात नळी घालणे थोडे अवघड जाऊ शकते. पण खरी काळजी नळी काढल्यानंतरच्या पहिल्या काही तासांची आणि पहिल्या रात्रीची असते, जेव्हा रुग्ण झोपेत असतो, दुखू नये म्हणून औषध दिलेले असते आणि खोलीत कोणाचे लक्ष नसते. हे आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ औषधांची निवड बदलतात, डोके उंच ठेवून झोपवतात, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा रात्रभर ठेवतात आणि गरज वाटली तर शस्त्रक्रियेपूर्वी झोपेची तपासणीही करून घेतात. माहीत नसेल तर यांतले काहीच होणार नाही. तुमच्या यजमानांना भूलपूर्व तपासणीच्या वेळी सोबत न्या आणि श्वास किती वेळ थांबतो, दचकून जाग येते का, हे त्यांनाच सांगू द्या. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे ठाऊक नसते.

झोपेच्या गोळीचे लपवणेही येथेच सोडून द्या. ती कोणती, किती वर्षांपासून आणि किती मात्रेत, हे कळले नाही तर भुलीच्या औषधांचा अंदाज चुकू शकतो, आणि गोळी एकाएकी बंद केली तर शस्त्रक्रियेनंतर अस्वस्थपणा किंवा भ्रम होऊ शकतो. या तपासणीत कोणी तुमची परीक्षा घेत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, तर काही त्या दिवशी टाळायच्या असतात, तेव्हा तुमच्या गोळीचे नाव दाखवून विचारा. वनौषधींची चूर्णे, काढे, गुडघ्यासाठीच्या गोळ्या, जे काही घेत असाल ते सारे यादीत यावे.

पूर्ण भूल म्हणजे गाढ झोप, असे आम्हीच रुग्णांना सांगतो, पण ते अर्धसत्य आहे. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला की तो जागा होतो, घशात काही गेले की खोकतो. भुलीत या प्रतिक्षिप्त क्रियाच थांबतात, आणि म्हणून पोट रिकामे लागते. पोटातले काही वर येऊन फुप्फुसात गेले तर गंभीर इजा होते. कर्टिस मेंडेलसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९४६ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले आणि उपाशी राहण्याच्या नियमाला बळ मिळाले. हलके खाणे आणि दूध किंवा दूध घातलेले कोणतेही पेय सहा तास आधी बंद, तेलकट व जड जेवण आठ तास आधी बंद, आणि साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते, असा आजचा सर्वसाधारण दंडक आहे. त्यात तुमच्या डॉक्टरांनी काही बदल सांगितला तर तो पाळा, पण स्वतःहून बारा-चौदा तास पाण्याचा थेंबही न घेता बसू नका. त्याने सुरक्षितता वाढत नाही, डोके मात्र दुखते.

‘शुद्धीवर येईन ना’ या प्रश्नामागे बहुधा अशी कल्पना असते की एक मोठे इंजेक्शन देतात आणि मग ते उतरण्याची वाट पाहत बसतात. प्रत्यक्षात शिरेतून दिलेले ते दुधासारखे पांढरे प्रोपोफोल मिनिटभरात भान हरपवते, पण त्याचा परिणाम काही मिनिटेच टिकतो. पुढची सारी शस्त्रक्रिया श्वासातून दिल्या जाणाऱ्या भुलीच्या वायूवर किंवा शिरेतून सतत चालू ठेवलेल्या औषधावर चालते. ते क्षणोक्षणी कमी-जास्त करता येते आणि बंद केले की रुग्ण जागा होऊ लागतो. एक माणूस पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी बसलेला असतो. तुमच्या नाडीचा टिकटिक आवाज, जो प्राणवायू घटला की स्वर खाली आणतो, तो कान देऊन ऐकत राहणे आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब, हृदयाचा आलेख, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाहत राहणे हेच त्याचे काम असते. एरवी निरोगी असलेल्या माणसाच्या पूर्वनियोजित शस्त्रक्रियेत केवळ भुलीमुळे मृत्यू येण्याचे प्रमाण साधारण लाखात एक, असे मानले जाते. रक्तदाब आणि श्वास थांबणे यांमुळे तुमचा धोका त्याहून थोडा अधिक धरावा लागेल, हे मी लपवत नाही, आणि म्हणूनच वरच्या दोन परिच्छेदांवर इतकी शाई खर्च केली.

मध्येच जाग येण्याबद्दल सांगायचे तर, ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत रुग्णांनी स्वतः सांगितलेले असे अनुभव साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एक, इतके आढळले. ‘मी सगळे ऐकत होते’ असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांना मुळात पूर्ण भूल दिलेलीच नसते. कमरेखाली बधिर करून जोडीला हलकी गुंगी दिलेली असते आणि तिच्यात आवाज कानावर पडणे अपेक्षितच असते. आपल्याला नक्की कोणती भूल मिळणार, हे आधी विचारून ठेवले की हा घोटाळा होत नाही.

पाठीतल्या इंजेक्शनचा पर्याय तुम्ही सुचवला आहे, परंतु दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात. तो वायू श्वासपटलाला वर रेटतो आणि श्वास घेणे जड होते. जागेपणी हे सोसणे कठीण जाते, म्हणून पूर्ण भूल देऊन श्वास यंत्राने चालवणे हीच रूढ पद्धत आहे. (शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका. खांद्याला काही झालेले नसते, उरलेल्या वायूने श्वासपटल चिडते आणि कळ खांद्यात जाणवते. घसाही नळीमुळे एखाद-दुसरा दिवस खवखवतो.) जाऊबाईंना मात्र सांगा की पाठीतले ते इंजेक्शन मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खालच्या पातळीवर, अतिशय बारीक सुईने देतात. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, थोड्या जणांना उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी होते आणि तिच्यावर उपचार आहेत, पण कायमची कंबरदुखी त्या इंजेक्शनमुळे जडते, असे अभ्यासांत दिसून आलेले नाही.

दाढ आधी की पित्ताशय आधी, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. दाढ आधी काढायची असेल, तर दोहोंमध्ये जखम भरण्यापुरते अंतर असावे आणि हलणारा दुसरा एखादा दात किंवा कवळी असेल तर तेही भूलतज्ज्ञांच्या कानावर घालावे, कारण श्वासनळीत नळी घालताना दाताला धक्का लागू शकतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले २४ तास वाहन चालवू नका आणि कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करू नका. आपण पूर्ण भानावर आहोत असे वाटते, त्याच दिवशी माणूस चुका करतो.

यापुढे ‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ हे वाक्य वापरू नका. त्याऐवजी पुढील मजकूर एका कागदावर लिहून दोन्ही डॉक्टरांच्या हाती द्या : ‘सहा वर्षांपूर्वी पू झालेल्या दाढेसाठी बधिर करण्याची चार इंजेक्शने दिली, बधिरता आली नाही, चौथ्यानंतर धडधड व थरथर झाली. पुरळ, सूज, दम लागणे यांपैकी काहीही झाले नाही. नंतर बोटाच्या टाक्यांसाठी दिलेले इंजेक्शन सोसले. रात्री घोरते, झोपेत श्वास थांबतो असे घरचे सांगतात. रोज झोपेची गोळी घेते. रक्तदाबाची गोळी चालू आहे.’ त्यातील पुरळ आणि सुजेचे वाक्य मी तुमच्या पत्रात उल्लेख नसल्यामुळे धरून चालले आहे, ते आठवून पाहा आणि खरे नसेल तर खोडा. दोन्ही गोळ्यांची नावे व मात्रा खाली स्वतःच्या अक्षरात लिहा, आणि घरी परतताना या वेळी कोणती भूल दिली, कोणती औषधे वापरली, ते त्याच कागदाच्या मागे डॉक्टरांकडून लिहून घ्या.